सुकट परवडेना झाली, अळ्यांचं किट घ्यावं का? (शेततळ्यातले मासे)

डाळिंबवाला (आटपाडी) | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी. माझं ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोलीचं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे. टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन आलं की भरून घ्यायचं आणि डाळिंबाला ड्रिपनं सोडायचं, एवढाच मूळ विचार होता. पाणी नुसतंच उभं असतं म्हणून जुलैत २००० बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडली. कटला, रोहू, मृगळ आणि शंभरेक रूपचंद. परवा जाळं मारलं तर कटला दोनशे ग्रॅमच्या आसपास भरला, मृगळ मात्र जवळजवळ सोडला तेवढाच.

पहिले दोन महिने कंपनीची तरंगती गोळी दिली, मग खिसा तरंगायला लागला. आता घरीच शेंगपेंड, गव्हाचा भुसा आणि सुकट कालवून गोळे टाकतो. सुकटीचा भाव दर खेपेला वर जातोय आणि माल खाली.

गेल्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस आला. काळ्या सैनिक माशीच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय) अळ्यांचं किट, १ लाख ८० हजार. जाळीची खोली, ट्रे, दळायचं यंत्र आणि वर्षभर अंडी. वाळलेल्या अळीत ४२ टक्के प्रोटीन असल्याचा लॅबचा कागद दाखवला. आपल्याला लागून उरलेला माल कंपनी परत विकत घेणार, असंही लिहून देतो म्हणाला. नाव इथं देत नाही.

आमचे आबा माळकरी. तळ्यात मासे सोडायलाच त्यांनी वर्षभर होकार दिला नव्हता. आता म्हणतात, "मासं पाळलंस, आता अळ्या पाळ, पुढल्या साली उंदरं पाळ." कुणी केलंय का हे? खरं सांगा.

कृष्णाकाठ_अण्णा (वाळवा) | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

किटाचं मागनं बगू. आदी ती सुकट काय भावानं आन कसली घेतोस ते सांग. काचंच्या गिलासात मूठभर टाक, पानी वत, ढवळ आन धा मिंटं ठेव. खाली वाळू किती बसती बग. मग ते पानी जिबंला लाव. समिंदराचं मीठ लागलं तर तू मिठाचं पैसं देतोयस. म्या एकदा चार पोती घिटली हुती, त्यातलं एक पोतं निसती रेती म्हनाय हरकत न्हाय. घर बांदायला काडलं आस्तं तर बरं झालं आस्तं.

डाळिंबवाला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

अण्णा, आत्ताच केलं. ग्लासात बोटभर वाळू. पाणी खारट. बायको म्हणते हा ग्लास आता घरात आणायचा नाही.

जतचा_मास्तर | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

"उरलेला माल कंपनी परत घेणार." हे वाक्य आपल्या जिल्ह्यात आधी कुठं ऐकलंय? २०१९ आठवा. इस्लामपूर भागातून सुरू झालेलं कडकनाथ प्रकरण. पिल्लं घ्या, खाद्य आमच्याकडून घ्या, अंडी आम्ही घेतो. कोंबडी काही खोटी नव्हती, तिची अंडीही खोटी नव्हती. घेणारा खोटा निघाला. माझ्या मेहुण्याच्या दारात अजून ते पिंजरे गंजत पडलेत, त्यात आता सरपण ठेवतो.

अळी चांगली की वाईट यावर मला बोलायचं नाही, तो माझा विषय नाही. पण करारात एवढंच बघा की तुम्ही माल परत द्यायला गेलात आणि त्यांनी घेतला नाही, तर तुमच्या हातात काय उरतं. ट्रे उरतात.

मत्स्यकन्या_सातारा | १० नोव्हेंबर, दुपारी १:३०

मास्तरांशी सहमत, पण मी खाद्याच्या बाजूने बोलते. मत्स्यशास्त्र शिकले आहे, सध्या साताऱ्यात शेतकऱ्यांच्या तळ्यांवर काम करते. लांबण लागेल, सवडीने वाचा.

आधी दादांचं तळं. ९०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम नऊ गुंठे. कार्प माशांची (कटला, रोहू, मृगळ) एवढ्या जागेत हजारभर बोटुकली ठीक होती, तुम्ही दुप्पट सोडलीत. खाद्य काहीही बदला, गर्दी आहे तोवर वाढ अडणारच. दिवाळीनंतरच्या बाजारात लहान माल जातो तो काढा, किंवा कुणाच्या रिकाम्या तळ्यात हलवा.

मृगळ का राहिला? मृगळ तळाचा गाळ चाळून खाणारा. तुमच्या तळ्याला कागद आहे, गाळच नाही. त्यात दोन महिने तरंगती गोळी दिलीत, ती कटला आणि रूपचंदने वरच्यावर संपवली. त्याच्या वाट्याला काही आलंच नाही.

आता ४२ टक्क्यांचा कागद. लॅबवाले प्रोटीन थेट मोजत नाहीत. ते नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. मटण, पेंड, मासे यांना हा गुणक साधारण चालून जातो. पण अळीच्या कातडीत कायटिन असतं, त्यातही नायट्रोजन आहे आणि ते प्रोटीन नाही. म्हणून किड्यांसाठी संशोधकांनी ४.७६ हा गुणक सुचवलाय. त्याने हिशेब केला तर तुमचे ४२ टक्के ३२ वर येतात. माणूस खोटं बोलला नाही, कागद खोटा नाही, तरी दहा टक्के हवेत गेले.

हाच डाव सुकटीत आणि फिशमीलमध्ये (माशांच्या पुडीत) युरिया मिसळून खेळतात. युरियात नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावर प्रोटीन चढतं. संशय आला तर पावडर पाण्यात कालवा, दोन वाट्यांत घाला, एकीत चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ टाका, दोन्ही झाकून ठेवा. कच्च्या सोयाबीनमधला एन्झाइम युरिया फोडतो आणि अमोनियाचा भपका येतो. दुसरी वाटी तुलनेला लागते, कारण जुनाट मासळीला स्वतःचाही वास असतोच.

आणखी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. रोहू, कटला, मृगळ यांना पोटच नसतं. म्हणजे आपल्यासारखी आम्ल तयार करणारी पिशवी नाही, तोंडातून आत गेलेलं थेट आतड्यात. हाडातला फॉस्फरस सुटायला आम्ल लागतं. त्यामुळे हाडांची पूड, मांस-हाडांची पूड, काटेच जास्त असलेली सुकट, यातला बराचसा फॉस्फरस माशाला न लागता पाण्यात जातो. मग पाणी हिरवं होतं आणि तुमच्या ड्रिपचा सँड फिल्टर शेवाळाने बसतो. चिलापी, पंगस, मरळ यांना पोट असतं, त्यांचं गणित वेगळं.

किट घेऊ नका असं मी म्हणत नाही. अजून तुम्हाला किती लागतं ते आपण मोजलेलंच नाही.

डाळिंबवाला | १० नोव्हेंबर, दुपारी २:१०

मॅडम, फिल्टर रोज धुतोय! मी खताच्या टाकीला शिव्या देत होतो. बरं, शेणखताचं पाणी सोडून प्लवंग (मासे खातात ते पाण्यातले सूक्ष्म जीव) वाढवा असं एकाने सांगितलं होतं. ते करू का?

मत्स्यकन्या_सातारा | १० नोव्हेंबर, दुपारी २:२५

मातीच्या तळ्यात मीच पहिलं तेच सांगते. तुमच्याकडे ड्रिप आहे, काडीकचऱ्याने ड्रिपर बंद पडतील. स्लरी कापडातून गाळून, अगदी थोडी, आणि पाणी आधीच हिरवं असेल तर तीही नको. आणि मॅडम नको, ताई म्हणा.

विटा_लेयर | १० नोव्हेंबर, रात्री ८:३०

एवढी चर्चा चाललीय आणि आमच्या भागातल्या पोल्ट्रीकडे कुणाचं लक्ष नाही. आम्ही लेयरवाले, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे. चिकन सेंटरवाल्यांकडे पिसं आणि आतडी ढिगानं पडतात, उचलायला पैसे द्यावे लागतात. पिसात ८० टक्क्यांच्या वर प्रोटीन आहे हे आमच्या खाद्याच्या डॉक्टरनेच सांगितलंय. डाळिंबवाले, टेम्पो घेऊन या, फुकट भरून देतो.

मत्स्यकन्या_सातारा | १० नोव्हेंबर, रात्री ९:१०

डॉक्टरांचं बरोबर आहे, पण पिसं म्हणजे केराटिन, आपल्या केसांसारखंच. कच्चं पीस माशाला पचत नाही. आकडा ८० चा आणि पोटात जवळजवळ शून्य. ते पचवायचं तर दाबाखाली वाफेवर शिजवावं लागतं, १३० अंशांच्या पुढे. मोठे रेंडरिंग प्लांट (कत्तलीच्या कचऱ्याची पूड करणारे कारखाने) ते करतात. घरच्या कुकरमध्ये करू नका, कुकरही जाईल आणि शेजारीही. शिजवलेल्या पिसांच्या पुडीतसुद्धा लायसिन आणि मिथिओनिन (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांपैकी दोन) कमी असतं, म्हणून ती एकटी चालत नाही. रक्ताच्या पुडीत लायसिन भरपूर, पण आयसोल्युसिन जवळपास नाही. ती जोरात तापवून वाळवली तर पचनही घटतं.

तयार मिळणारी कोंबडीच्या मांसाची पूड (पोल्ट्री बाय-प्रॉडक्ट मील) हा मात्र खरोखर चांगला पर्याय आहे. साधारण ५५ ते ६५ टक्के प्रोटीन, अमिनो आम्लं बऱ्यापैकी फिशमीलच्या जवळ. राख जास्त असेल तर समजा हाडं जास्त.

विटा_लेयर | १० नोव्हेंबर, रात्री ९:२५

ताई, आतडी तर शिजवायची पण गरज नाही. भिगवणकडं तशीच टाकत होते की लोक.

कृष्णाकाठ_अण्णा (वाळवा) | १० नोव्हेंबर, रात्री ९:३५

कुनाला टाकत हुते? मांगूरला! थाई मांगूर! आन त्येचं काय झालं त्ये पन सांग की. सरकारनं पोकलेन लावून खड्ड्यात पुरलं. पोरा, आसलं शिकवू नगंस.

मत्स्यकन्या_सातारा | १० नोव्हेंबर, रात्री ९:५०

अण्णांचा मुद्दा बरोबर. थाई मागूरवर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं, आणि पुढे उजनीच्या काठी त्यावर मोठ्या कारवाया झाल्या. बंदीच्या कारणांत तो देशी मासे खाऊन संपवतो हे आहेच, पण कत्तलखान्याचा कुजका माल टाकून वाढवण्याची पद्धतही आहे. कच्च्या आतड्यांतून साल्मोनेला तळ्यात येतो. तुमच्याच तळ्याचं पाणी पुढे डाळिंबाच्या झाडाखाली जातं, ते काढायला बायका वाकतात. विषय संपला.

विटा_लेयर | १० नोव्हेंबर, रात्री १०:०२

संपला. माझ्याकडे लायसिन-मिथिओनिनची पोती असतात, ती तरी चालतील का?

मत्स्यकन्या_सातारा | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

चिलापी आणि पंगसला चालतात. कार्पमध्ये पोट नसल्यामुळे मोकळं अमिनो आम्ल झटकन शोषलं जातं आणि बाकीचं प्रोटीन मागून येतं, दोघांची गाठ पडत नाही. उपयोग कमी होतो. त्यापेक्षा दोन-तीन प्रकारचं प्रोटीन एकत्र करणं बरं.

पाटणचा_पाऊस | ११ नोव्हेंबर, रात्री ११:३०

उशीर झाला, पण धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा आहे. मी दोन वर्षं या अळ्या पाळतोय, पाटण तालुक्यात. किट घेतलं नाही. पावसाळ्यात घरामागच्या कचरा खड्ड्यात काळपट चपट्या अळ्या दिसतात ना, त्याच. मूळ अमेरिकेतली, पण आता सगळीकडे झालीय. मोठी माशी दिसायला गांधीलमाशीसारखी, पण चावत नाही, अन्नावर बसत नाही. ती आठवडाभर जगते आणि त्यात तिला खाण्यात रस नसतो, सगळं अळीपणातच खाऊन झालेलं. माझ्या चुलत्यासारखी.

बादलीत फणसाचे चारखंड आणि कोंडा आंबवून ठेवला, वर पुठ्ठ्याचे तुकडे रचले. माश्या पुठ्ठ्याच्या भोकांत अंडी घालतात. एका मादीची पाचशेच्या वर. चार दिवसांत अंडी फुटतात. उन्हाळ्यात पंधरा-सोळा दिवसांत अळी काढणीला येते. तिला कोषात जायचं झालं की ती काळी पडते आणि स्वतःच ओल्या मालातून बाहेर पडून कोरडी जागा शोधते. ट्रेला उतार ठेवला की आपली आपण खालच्या डब्यात येऊन पडते. वेचावं लागत नाही. मात्र खाद्यासाठी काळी होण्याआधीची पांढरट अळी बरी, काळीत कायटिन आणि चुना जास्त.

आता दुखणी.

एक, थंडी. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री दहा-बारा अंशांवर जातं. अळी मरत नाही, पण खाणं सोडते. पंधरा दिवसांचं काम चाळीस दिवसांवर गेलं. माश्याही उन्हाशिवाय जुगत नाहीत. ढगाळ आठवडा आला की अंडी बंद.

दोन, उतारा. माझ्याकडे १०० किलो ओल्या कचऱ्यातून १२-१३ किलो ओल्या अळ्या मिळतात, त्या वाळून ४ किलो. हॉटेलचा माल असेल तर थोड्या जास्त, नुसता भाजीपाला असेल तर कमी. कंपनीवाले ओल्या अळीचं वजन सांगतात आणि वाळलेल्या अळीचं प्रोटीन सांगतात. दोन्ही खरं, एकत्र खोटं.

तीन, चरबी. वाळलेल्या अळीत तिसरा हिस्सा तेल असतं. ते दोन महिन्यांत खवट होतं. गोळीही नीट बांधली जात नाही, तेलकट भुगा होतो. तेल काढायला गावातल्या लाकडी घाण्यावर विचारलं. घाणेवाला म्हणाला, तुमच्या अळ्या गाळल्या तर माझं शेंगतेल कोण घेईल? बरोबर होतं त्याचं.

चार, मिक्सर. पहिल्यांदा घरातला वापरला. त्याबद्दल आणखी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी नवीन आणला आणि जुना माझ्या नावावर झाला.

फायदा? मासे अक्षरशः उडी मारतात. जिवंत किंवा उकळलेली अळी टाकली की पाणी उकळल्यासारखं होतं. मी मरळ पाळतो, त्याला ४० टक्क्यांच्या वर प्रोटीन लागतं आणि तो तोंडाचा भलता चोखंदळ. त्याला कोरड्या गोळीवर आणायला अळीच्या पिठाचा फार उपयोग झाला.

बेदाणा_तासगाव | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

माझ्याकडे निवडणुकीतला, म्हणजे मतांच्या नाही, बेदाण्याच्या निवडणुकीतला काळा आणि फुटका माल पडून असतो. शिवाय छाटणीत पडलेले द्राक्षाचे घड. अळ्यांना चालतील का? गोड आहे, आंबतंही लगेच.

पाटणचा_पाऊस | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

अळ्या खातील. पण मी टाकणार नाही. द्राक्षाला किती फवारण्या होतात ते तुम्ही जाणता. कीटकनाशक राहिलं असेल तर आधी अळ्याच मरतील, त्या अर्थानं ती चांगली लॅब आहे. मोरचुदातलं तांबं मात्र तिला मारणार नाही, ते मालातून पुढं जाईल.

मत्स्यकन्या_सातारा | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

धातूंबद्दल भर घालते. ही अळी कॅडमियम अंगात साठवते हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे तिला काय खायला घातलं हे महत्त्वाचं. युरोपात २०१७ पासून माशांच्या खाद्यात किड्यांची पूड चालते, पण किड्यांना हॉटेलचं खरकटं किंवा शेण-मैला खायला घालायला तिथे मनाई आहे. बाजारातली भाजी, भात, कोंडा बरा. तांबं तर माशाला पाण्यातूनच सोसत नाही.

रेशमाबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगते. कोषातला प्युपा हा जुना आणि उत्तम पर्याय. वाळलेला निम्म्याहून जास्त प्रोटीन, तेल काढलं तर ७० च्या पुढे. जपानात कार्पला पूर्वीपासून देत आलेत. पण आपले शेतकरी कोष विकतात, तो जालन्याला किंवा कर्नाटकातल्या रामनगरला जातो, धागा तिथं निघतो आणि प्युपाही तिथंच राहतो. तुती सांगलीत, प्युपा जालन्यात नाहीतर कर्नाटकात. वाहतूक धरून परवडला तर जरूर घ्या, पण तेल काढलेलाच. तेलकट प्युपा जास्त झाला तर माशाच्या मांसाला वास येतो, आणि मग पाव्हणे ताटातून हात काढून घेतात.

कराड_बचतगट | १२ नोव्हेंबर, दुपारी ४:००

मी या फोरमवर फक्त वाचत असते. आमचा सात जणींचा गट आहे. मासळी बाजारातली डोकी, आतडी, खवले आम्ही आणतो. बारीक तुकडे करायचे, दहा किलोला दीड किलो गूळ पातळ करून घालायचा, वाटीभर ताक, आणि झाकणाच्या ड्रममध्ये हवा न राहील असं दाबून भरायचं. मळी स्वस्त पडते पण ती साखर कारखान्यातून अशी हाताने मिळत नाही, परवाना लागतो. म्हणून गूळ, तोही काळा, भाव पडलेला. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत आंबतं, आंबूस लोणच्यासारखा वास आला पाहिजे. कुजका वास आला तर गूळ कमी पडला, फेकून द्यायचं. आंबट झालं की जंतू वाढत नाहीत. मग कोंड्यात कालवून ताडपत्रीवर वाळवतो. काटे मऊ पडलेले असतात.

वास येतो, खोटं कशाला बोलू. पहिल्या महिन्यात घरमालकानं ड्रम उचलायला लावले. आता नदीकडेच्या शेडमध्ये करतो.

मत्स्यकन्या_सातारा | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२०

काकू, तुम्ही आम्हाला शिकवताय. एकच: समुद्री माशांचा कचरा घ्या, रोहू-कटल्याचा कचरा पुन्हा रोहू-कटल्याला नको. रोग त्याच वाटेने फिरतो. आणि कच्चा कचरा थेट कुणीही टाकू नका. कच्च्या माशात बी-१ जीवनसत्त्व मोडणारा थायमिनेज असतो, शिजवल्यावर तो जातो.

कराड_बचतगट | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४५

समुद्राचाच घेतो ताई. आता आधी वाफ काढून मग गूळ घालू.

डाळिंबवाला | १२ नोव्हेंबर, रात्री ९:००

ताई, मोजायचं राहिलं म्हणाला होतात ते सांगा ना. मला आता मोजल्याशिवाय झोप येणार नाही.

मत्स्यकन्या_सातारा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

चला. गर्दी कमी करून हजार मासे ठेवलेत असं धरू. मेपर्यंत एकेकाची अर्धा किलो वाढ धरली तर ५०० किलो मासा. घरच्या चांगल्या खाद्याचा एफसीआर (किलोभर वाढीला लागणारं खाद्य) १.८ धरा, म्हणजे ९०० किलो खाद्य. सोयीसाठी एक टन म्हणू.

कार्पच्या मोठ्या माशाला २५ ते ३० टक्के प्रोटीन पुरतं. मरळीसारखं नाही. तेवढं प्रोटीन बहुतांशी पेंडीतून भागतं. सोया पेंड ४५ रुपये किलो आणि ४६ टक्के धरली तर एक किलो प्रोटीन ९८ रुपयांना पडतं. चांगलं फिशमील ११० रुपये आणि ६० टक्के धरलं तर तेच १८३ ला. २०२३ मध्ये पेरू देशाने अँकोव्हेटाचा (ज्याचं फिशमील करतात त्या माशाचा) पहिला हंगामच रद्द केला, तेव्हा जगभर फिशमीलचे भाव चढले. आपल्या आटपाडीच्या तळ्याचा पेरूशी संबंध येतो तो असा. सुकटीचं तुम्हीच काढा, आधी वाळू वजा करून.

मिश्रण: सोया पेंड २५, बुरशी नसलेली शेंगपेंड २०, कोंडा ४३, वाळलेली अळी १०, खनिज मिश्रण २. साधारण २८ टक्के होतं. कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यातला ट्रिप्सिन रोखणारा घटक भाजल्याशिवाय जात नाही. गोळे करून दोन-तीन ठिकाणी टांगलेल्या ट्रेमध्ये ठेवा, दोन तासांनी उरलं ते दिसतं. भोकं पाडलेली पोती बांबूला बांधून आंध्रात देतात, तीही युक्ती चालेल.

तर टनभर खाद्यात १० टक्के अळी म्हणजे १०० किलो. पाटणच्या दादांच्या उताऱ्याने त्याला अडीच टन ओला कचरा लागतो. तोच वर्षभरात विभागला तर दिवसाला सात किलो. आटपाडीच्या आठवडी बाजारातल्या दोन भाजीवाल्यांचा माल.

म्हणजे तुमची गरज तीन-चार टबांची आहे. ते किट टनांनी अळी काढणाऱ्यासाठी आहे, आणि तो जास्तीचा माल विकायचा कुणाला, हा प्रश्न मास्तरांनी आधीच विचारलाय.

पाटणचा_पाऊस | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

टब माझ्याकडून नका घेऊ, भंगारवाल्याकडे जुने २०० लिटरचे ड्रम उभे चिरून मिळतात. रंगाचे नको, खाद्यतेलाचे बघा. माशीची अंडी असलेला पुठ्ठा मी एसटीनं पाठवतो.

कृष्णाकाठ_अण्णा (वाळवा) | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

आन ढगाळ सकाळी खायाला घालू नगंस. मासं वर येऊन तोंड उगडाय लागलं की भूक न्हवं ती, हवा कमी पडती. आमच्या शेजाऱ्यानं भूक समजून आजून टाकलं, संद्याकाळी पोती भरून काडलं.

डाळिंबवाला (आटपाडी) | २१ मे, रात्री ८:४५

धागा वर काढतोय. किट घेतलं नाही. कंपनीचा माणूस डिसेंबरात तीनदा आला, मार्चनंतर त्याचा फोन लागत नाही.

पाटणहून पुठ्ठा आला, पण थंडीत अळ्यांनी दगा दिला, अगदी सांगितल्यासारखा. फेब्रुवारीपर्यंत कराडच्या काकूंकडून वाळवलेला आंबवलेला माल घेतला, मग अळ्या सुरू झाल्या. आठशे लहान मासे मेव्हण्याच्या तळ्यात हलवले.

तुलना करावी म्हणून तळ्यातच दोन हापे (जाळीचे पिंजरे) लावले होते. एकात अळीचं खाद्य, एकात नुसती पेंड, प्रत्येकी चाळीस रोहू. एप्रिलच्या वादळात एक हापा फाटला आणि सगळे तळ्यात मिसळले. तेव्हा अळीनं किती फरक पडला ते मला ठाम सांगता येत नाही. गर्दी कमी केल्याचा फरक मात्र डोळ्यांनी दिसला. डाळिंबाला पाणी लागणार म्हणून परवा तळं उपसलं. कटला ९०० ग्रॅमला गेला, रोहू सहाशेच्या आसपास. मृगळ यंदा पुन्हा सोडणार नाही. खाद्याचा खर्च गोळीच्या हिशेबाने निम्म्यावर आला, त्यात माझी आणि आईची मेहनत धरलेली नाही.

फिल्टर आता चार दिवसांनी धुतो.

एक अडचण. आता अळ्या भरपूर आहेत, पण उकळून ताडपत्रीवर वाळत घातल्या की कावळे आणि साळुंक्या तुटून पडतात. काल पाव हिस्सा तरी गेला. आबा काठी घेऊन राखण बसतात, पण दुपारी त्यांचा डोळा लागतो. तुम्ही कसं करता?

बेदाणा_तासगाव | २१ मे, रात्री ९:१०

द्राक्षावरची जुनी पक्ष्यांची जाळी आहे माझ्याकडं, दोन एकराची. फाटकी आहे, पण ताडपत्रीपुरती चांगली निघेल. रविवारी विट्याला येतोय, आणू का?

डाळिंबवाला | २१ मे, रात्री ९:१२

आणा. येताना काळे बेदाणेही थोडे आणा, अळ्यांना नाही, आबांना.